फाङप्येन: चिनी भाषेतला रोजचा एक शब्द ऐकायचा कसा, वापरायचा कसा

चीनला शिकायला, माल घ्यायला किंवा नोकरीला निघालेली मराठी मंडळी 'नमस्कार', 'धन्यवाद' आणि 'कितीला?' एवढं पाठ करून विमानात बसतात. उतरल्यावर 'कितीला?'चा उपयोग होतो, पण समोरून आलेलं उत्तर कळत नाही. मी तिथे आधी विद्यार्थिनी म्हणून राहिले, नंतर खरेदीदारांबरोबर दुभाषी म्हणून हिंडले. त्यावरून सांगते, सुरुवातीला थोडेच शब्द घ्या, पण ते मुरू द्या. त्या थोडक्यांत 'फाङप्येन' असायलाच हवा. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या रचनेत हा शब्द तिसऱ्या पातळीवर येतो आणि पुस्तकात त्याच्यापुढे 'सोयीचा' एवढाच अर्थ छापलेला असतो. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. वेळ विचारणं, नकार देणं, उसने मागणं, संडासला जाणं अशी बरीच कामं हा शब्द करतो.

सुरू करण्यापूर्वी काय हवं

कागदपत्रं काही लागत नाहीत. लागतात त्या गोष्टी अशा:

- फोनमध्ये चिनी अक्षरांचा पिनयिन कीबोर्ड. पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत.
- इंटरनेटशिवाय चालणारा शब्दकोश, उदाहरणार्थ प्लेको. तो भारतातच उतरवून घ्या. चीनच्या मुख्य भूमीत गूगलच्या सेवा बंद आहेत, त्यामुळे गूगल भाषांतराच्या भरवशावर राहू नका.
- वीचॅट, म्हणजे निरोप पाठवायचं तिथलं ॲप. तिथलं निम्मं संभाषण त्यावरच चालतं.
- आवाज रेकॉर्ड करण्याची सोय आणि स्वतःचा आवाज ऐकण्याची तयारी. दुसरी गोष्ट जास्त अवघड.

१. उच्चार आधी पक्का करा

पिनयिनमध्ये हा शब्द एफ-ए-एन-जी-बी-आय-ए-एन असा लिहितात. इथेच पहिला खड्डा आहे, कारण इंग्रजीच्या सवयीने आपण त्याचं 'फँगबियान' करतो. पिनयिनमधला 'बी' म्हणजे आपला 'ब' नव्हे. तो स्वच्छ, अल्पप्राण 'प' आहे. पिनयिनमधला 'पी' हा महाप्राण आहे, 'फूल' म्हणताना जुन्या पिढीचे दोन्ही ओठ मिटतात तसा. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक शिकायला महिने लागतात. आपण तो बाराखडीबरोबर शिकलेलो असतो, फक्त रोमन अक्षरं आपल्याला फसवतात. म्हणून पहिले काही आठवडे नवे शब्द वहीत देवनागरीत लिहा. मास्तर नाक मुरडतील, मुरडू द्या.

'आय-ए-एन' या जोडाचा उच्चार 'इयान' नाही, 'येन'. म्हणजे दुसरा भाग झाला 'प्येन'.

पहिल्या भागातला 'फ' मात्र 'फोन'मधला, दात खालच्या ओठाला टेकवून. शेवटी 'ङ', म्हणजे 'वाङ्मय'मधला. 'अंग' म्हणायला सुरुवात करा आणि 'ग' तोंडातून निघायच्या आत थांबा, तो आवाज. हा 'ङ' गाळलात तर 'फान' उरतं आणि 'फान' योग्य सुरात, म्हणजे आवाजाच्या योग्य चढउतारात, म्हटलं की त्याचा अर्थ होतो भात, जेवण.

आता सूर. 'फाङ' पहिल्या सुरात आहे: उंच, सपाट, शेवटपर्यंत न उतरणारा. 'प्येन' चौथ्या सुरात: वरून एकदम खाली, पोराला दटावताना आपण 'नाही!' म्हणतो तसा. आपल्याकडची नेहमीची चूक प्रश्न विचारताना होते. मराठीत प्रश्नाच्या शेवटी आवाज वर जातो, त्यामुळे 'प्येन'सुद्धा वर जातो आणि सूर मोडतो. चिनीत प्रश्नाचं काम शेवटचा 'मा' करतो. तुम्ही 'प्येन' खालीच आणा.

ग्वाङचौच्या बाजारात जाणार असाल तर तिथली जुनी माणसं कँटोनीजमध्ये याला 'फोङपिन' म्हणतात. बोलायची गरज नाही, कानाला ओळखीचं असलं की झालं.

२. लिहिलेला शब्द ओळखा

दोन अक्षरं आहेत. पहिलं चार रेघांचं: वर एक ठिपका, त्याखाली आडवी रेघ आणि खाली दोन पाय. दुसरं नऊ रेघांचं, त्याच्या डावीकडे माणसाची खूण असते, एक तिरकी आणि एक उभी रेघ. फोनवर वरची आठ रोमन अक्षरं टाका, सूर टाकायची गरज नसते. समोर आलेल्या पर्यायांतून हा उचला. चीनमधली सोपी लिपी आणि तैवान-हाँगकाँगची पारंपरिक लिपी यांत ही दोन्ही अक्षरं अगदी सारखी आहेत, त्यामुळे दोनदा शिकावं लागत नाही.

३. साधं वाक्य: अमुक गोष्ट सोयीची आहे

"तीथ्ये हन फाङप्येन." भुयारी रेल्वे सोयीची आहे. 'तीथ्ये' म्हणजे भुयारी रेल्वे. 'हन'चा अर्थ 'खूप', पण इथे तो निव्वळ वाक्य उभं राहावं म्हणून येतो.

सापळा असा की मराठीत 'सोयीची आहे' म्हणतो म्हणून आपण त्या 'आहे'साठी चिनीतला 'ष्र' घालतो. "तीथ्ये ष्र फाङप्येन" हे चूक. विशेषणाआधी 'ष्र' नको, 'हन' घाला. तुलना असेल तेव्हा मात्र 'हन' काढून टाका: "त्स्वो तीथ्ये पी ताछ फाङप्येन", म्हणजे टॅक्सीपेक्षा भुयारी रेल्वेने जाणं सोयीचं.

खोली भाड्याने शोधताना जाहिरातींत 'च्याओथुङ फाङप्येन' दिसेल, येण्याजाण्याची सोय चांगली. घरमालकाच्या दृष्टीने ते नेहमीच चांगलं असतं. स्टेशन किती मिनिटांवर आहे ते नकाशात स्वतः बघा. वस्तूंच्या खोक्यांवर 'फाङप्येन श्येताइ' असतं, म्हणजे बरोबर न्यायला सोपी.

४. वेळ विचारा: या शब्दाचं खरं काम

एवढाच एक भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

"नी श्येन्त्साइ फाङप्येन मा?" आत्ता तुम्हाला सवड आहे का, बोलता येईल का? शिक्षक, वयाने मोठी व्यक्ती किंवा ग्राहक असेल तर 'नी'च्या जागी 'निन' म्हणा, आपल्या 'आपण'सारखं.

इथे मराठी मनाला एक अडचण येते. आपण 'मला सोयीचं नाही' म्हणतो, माणसाला 'ला' लागतो. चिनीत माणूस थेट कर्ता होतो: "वो पू फाङप्येन." शब्दशः पाहिलं तर 'मी सोयीचा नाही' असं विचित्र वाटतं, पण तिथे तेच सरळ आहे. 'ला'साठी शब्द शोधत बसू नका.

रोज लागणारी वाक्यं:

- "फाङप्येन च्ये त्येनह्वा मा?" फोन घेता येईल का?
- "फाङप्येन ष्वोह्वा मा?" बोलता येईल का? समोरचा मीटिंगमध्ये किंवा गाडीत असू शकतो.
- "नी षन्म ष्रहोउ फाङप्येन?" तुम्हाला कधी सोयीचं पडेल?
- "फाङप्येन च्या क वेइशिन मा?" वीचॅटवर जोडून घेऊ का? नवी ओळख झाली की हेच वाक्य. थेट फोन पुढे करून कोड दाखवण्यापेक्षा हे शोभतं.
- "नी फाङप्येन त ह्वा..." तुम्हाला सोयीचं असेल तर... पुढे हवी ती विनंती जोडा.

'मा' न लावता विचारायचं असेल तर "फाङ-पू-फाङप्येन?" अशी रचना असते, 'सोयीचं की नाही'. 'फाङ' एकदा, मध्ये 'पू', मग पूर्ण शब्द. बोलण्यात हे फार ऐकू येतं आणि नवख्याला वाटतं समोरचा अडखळतोय.

उत्तर देताना 'हो' शोधू नका, शब्दच परत म्हणा: "फाङप्येन." झालं.

पुण्यामुंबईतून चिनी कारखान्याशी बोलणाऱ्यांनी घड्याळ लक्षात ठेवावं. अख्ख्या चीनमध्ये एकच प्रमाणवेळ आहे आणि ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपल्या दुपारी चारला तिकडे साडेसहा वाजलेले असतात. दुपारच्या जेवणानंतर अनेक ऑफिसांत दिवे मालवून, टेबलावर डोकं टेकून झोप काढतात. तेव्हा केलेला फोन कुणालाच आवडत नाही. आधी मेसेज टाकून विचारा. आणि न विचारता मिनिटभराचे आवाजी निरोप पाठवू नका.

५. नकार ओळखायला शिका

"पू थाइ फाङप्येन." तितकंसं सोयीचं नाही. पुस्तकातला अर्थ हा, प्रत्यक्षातला अर्थ: नाही. आपण 'बघू, जमेल असं वाटत नाही' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं, तितकंच ते स्पष्ट असतं. त्याच्याआधी 'खनङ', म्हणजे 'बहुधा', लागलं तर नकार आणखी मऊ होतो, पण नकारच राहतो.

नवखे लोक इथे दोन प्रकारे घसरतात. काही जण 'का?' विचारतात. कारण सांगायचं नाही म्हणूनच तर हा शब्द वापरला. बाकीचे अडचण सोडवायला धावतात: 'गाडी पाठवू का? रविवारी चालेल का?' मग समोरच्याला दुसरं निमित्त शोधावं लागतं. त्याऐवजी म्हणा, "मेइ क्वानशी, ना काइथ्येन पा." हरकत नाही, मग पुन्हा केव्हातरी. खरंच वेळेचीच अडचण असेल तर तो स्वतःच दुसरी वेळ सुचवतो. ओळखायची खूण हीच.

तुम्हालाही हे वापरता येतं. पगार किती, लग्न का नाही केलं, हे प्रश्न तिथे ओळख झाल्या झाल्या येऊ शकतात. हसून "पू थाइ फाङप्येन ष्वो" म्हटलं की विषय संपतो. बातम्यांत आणि कंपन्यांच्या बोलण्यात याचा थोडा भारदस्त भाऊ भेटतो: "पू फाङप्येन थोउलू", उघड करता येत नाही.

याच रांगेतले आणखी दोन प्रयोग कानावर पडतील. "षोउथोउ योउत्येन पू फाङप्येन": 'षोउ' म्हणजे हात, सध्या पैशांची जरा ओढाताण आहे. मित्र म्हणाला तर उसने मागण्याची प्रस्तावना, गिऱ्हाईक म्हणालं तर पैसे उशिरा येणार. दुसरा, "थ्वेइच्याओ पू फाङप्येन": पायांनी अधू, चालायला त्रास. म्हाताऱ्या माणसांबद्दल हे आदराने बोललं जातं. बसमध्ये जागा देताना, लिफ्ट कुठे आहे ते विचारताना उपयोगी पडतं.

६. "फाङप्येन यीश्या": इथे जपून

"वो छ्यू फाङप्येन यीश्या." मी जरा जाऊन येतो. कुठे ते सांगत नाहीत. आपल्याकडे करंगळी दाखवून जे काम होतं, ते या वाक्याने होतं. जेवणाच्या टेबलावरून उठताना सभ्य. पण अनोळखी माणसाला जागा विचारायची असेल तर याचा उपयोग नाही, तिथे "शीषोउच्येन त्साइ नार?", स्वच्छतागृह कुठे आहे, असं सरळ विचारा.

यावरचा एक विनोद चीनमध्ये शिकणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला ऐकावाच लागतो. परदेशी पाहुण्याला टेबलावर कळतं की 'फाङप्येन' म्हणजे संडास. तेवढ्यात कोणी त्याला म्हणतं, तुम्ही 'फाङप्येन' असाल तेव्हा आपण पुन्हा जेवायला बसू. तुम्हालाही कोणीतरी ऐकवेल, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसा. घोळ प्रत्यक्षात होत नाही: 'जाऊन' या अर्थाचा 'छ्यू' आधी आणि 'जरा' या अर्थाचा 'यीश्या' नंतर आला तरच संडास, एरवी सवड.

वैद्यकीय शिक्षणाला गेलेल्यांनी 'ताप्येन' आणि 'श्याओप्येन' हे दोन शब्द लगेच पाठ करावेत: शौच आणि लघवी. 'ता' म्हणजे मोठं, 'श्याओ' म्हणजे छोटं, 'प्येन' तोच. तपासणीच्या कागदांवर हे रोज दिसतात.

७. दुकानात आणि गाडीत

'फाङप्येन-म्येन' म्हणजे झटपट नूडल्स. 'म्येन' म्हणजे शेवया किंवा पीठ. बोलताना 'फाओम्येन' (इथला 'फ' महाप्राण, दोन्ही ओठ मिटून), भिजवलेल्या शेवया, असंही म्हणतात. असे नूडल्स पहिल्यांदा बाजारात आणले ते जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी, १९५८ साली. चीनमध्ये वेगवान गाड्यांच्या डब्यांतही उकळत्या पाण्याचा नळ असतो, त्यामुळे प्रवासात हे खाणं सोपं जातं. बंद डब्यात वास दरवळतो म्हणून सहप्रवासी कधीकधी कपाळाला आठ्या घालतात, तेवढं सोसायची तयारी ठेवा.

शाकाहारी आणि गोमांस न खाणाऱ्यांसाठी मोठा इशारा: खाङ ष्रफू या सगळीकडे मिळणाऱ्या ब्रँडचा लाल पुडा गोमांसाच्या चवीचा असतो. पुड्यावर 'न्योउरोउ' म्हणजे गोमांस, 'चूरोउ' म्हणजे डुकराचं मांस. चित्र भाज्यांचं असलं तरी आतल्या मसाल्यात प्राण्यांची चरबी असू शकते. दुकानदाराला विचारा, "योउ सू त मा?" शाकाहारी आहे का? आणि स्वतःबद्दल सांगा, "वो छ्र सू", मी शाकाहारी आहे.

उत्तरेकडे काही ठिकाणी प्लास्टिकच्या पिशवीला 'फाङप्येन-ताइ' म्हणतात, बाकी सगळीकडे 'सूल्याओ-ताइ'. १ जून २००८ पासून दुकानांनी पिशवी फुकट द्यायची नाही असा नियम आहे, म्हणून गल्ल्यावर "याओ ताइत्स मा?", पिशवी हवी का, असं विचारतात. नको असेल तर "पू याओ".

८. शेजारचे शब्द एकत्र पाठ करा

दुसरं अक्षर, ते नऊ रेघांचं, अनेक घरांत राहतं. प्येनलीत्येन: रात्री उशिरापर्यंत चालणारं कोपऱ्यावरचं दुकान. षुनप्येन: जाता जाता. 'खाली चाललाच आहेस तर षुनप्येन दूध आण.' स्वेइप्येन: काहीही चालेल. यातला शेवटचा जरा घातकी आहे. 'काय खाणार?'ला मित्रांत 'स्वेइप्येन' चालतं, पण यजमानांपुढे ते बेफिकीर वाटतं. आणि एखाद्या माणसाला 'हन स्वेइप्येन' म्हटलंत तर तो वागायला सैल आहे असा अर्थ निघतो.

सगळ्यात मोठी गंमत 'फ्येनयी'ची. अर्थ स्वस्त. अक्षर तेच, पण इथे ते 'प्येन' नसून महाप्राण 'फ्येन' आहे आणि सूरही वेगळा, वर चढणारा. घासाघीस करताना "फ्येनयी यीत्येन", जरा कमी करा, हे वाक्य लागतंच. पाटी वाचताना हे अक्षर दिसलं की पुढचं अक्षर बघितल्याशिवाय उच्चार ठरवू नका.

९. कुठे वापरायचा नाही

खुर्ची, गादी, बूट आरामदायक असतील तर 'षूफू', फाङप्येन नव्हे. परीक्षा सोपी असेल तर 'रुङयी'. मराठी 'सोपं' आणि 'सोयीचं' वेगळे आहेतच, तोच भेद पाळला की पुरे.

"शिङ क फाङप्येन", जरा सोय करा, म्हणजे नियमातून थोडी वाट द्या. वसतिगृहाचं दार बंद झाल्यावर रखवालदाराला "ष्रफू, शिङ क फाङप्येन पा" म्हणणं ठीक. पोलीस किंवा व्हिसा कार्यालयात हे वाक्य तोंडातून काढू नका, नियम वाकवायला सांगताय असं वाटू शकतं.

जपानला जाणार असाल तर आणखी एक. तिथे हीच दोन अक्षरं 'होबेन' अशी वाचतात, पण सोयीसाठी शब्द आहे 'बेन्री'. 'होबेन' म्हणजे युक्ती, साधन, आणि हाच या शब्दाचा जुना अर्थ आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना संस्कृत 'उपाय'साठी हीच जोडी वापरली गेली. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने इ. स. ४०६ मध्ये छाङआन, म्हणजे आजच्या शिआन, इथे सद्धर्मपुण्डरीकाचं भाषांतर केलं. त्यातल्या दुसऱ्या प्रकरणाचं, मूळच्या उपायकौशल्याचं, नाव 'फाङप्येन फिन'. ऐकणाऱ्याची कुवत पाहून शिकवण द्यावी, हा तिथला विचार. पुढच्याच प्रकरणात जळत्या घरातून मुलांना बाहेर काढायला बाप गाड्यांचं आमिष दाखवतो, तो असा उपाय. आजही चिनीत "ता खाइ फाङप्येन च मन", सोयीचं दार सताड उघडणं, असा वाक्प्रचार आहे. मूळ बौद्ध, पण वर्तमानपत्रात तो बहुतेकदा नको त्यांना मोकळं रान दिल्याची तक्रार करताना येतो. त्यामुळे कुणाचं कौतुक करायला हा वाक्प्रचार वापरण्याआधी आजूबाजूची दोन वाक्यं वाचा.

१०. सरावाचा क्रम

पहिल्या आठवड्यात फक्त चौथ्या भागातली वाक्यं. रोज एका खऱ्या माणसाला त्यातलं एक पाठवा, आधी लिहून, मग बोलून. दुसऱ्या आठवड्यात नकार: कोणीतरी 'पू थाइ फाङप्येन' म्हटलं की पुढचं वाक्य तोंडावर तयार हवं. बाजारातल्या वाक्यांसाठी वेगळा सराव लागत नाही, पिशवीवाली मुलगी तो करून घेते. अधूनमधून स्वतःचं 'प्येन' आणि 'फ्येन' रेकॉर्ड करून चिनी मित्राला ऐकवा आणि कोणतं कोणतं ते त्याला ओळखायला सांगा. आणि रेकॉर्डिंग पाठवण्याआधी त्याला विचारा, "फाङप्येन थिङ यूयिन मा?" आवाजी निरोप ऐकता येईल का?